स्टारड्रॉप आणि स्टारड्यू व्हॅलीचे मॉड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वर्षातून दोनदा माझा फोन एकाच विषयाच्या मेसेजांनी भरतो: जून-जुलैत, जेव्हा मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात, आणि गणपतीत, जेव्हा मुंबईहून चाकरमानी लॅपटॉप घेऊन येतात. दोन्ही वेळी सगळे स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळतात आणि सगळ्यांचे मॉड बिघडतात. तीच उत्तरं व्हॉइस नोटमध्ये बोलून घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवली. प्रश्न तुमचेच आहेत. थोडे साफ केले, एक मुद्दाम आहे तसा ठेवला.

१. मॉड म्हणजे नेमकं काय? आणि त्यासाठी वेगळं मॅनेजर कशाला, फोल्डरात टाकला की झालं ना?

मॉड म्हणजे गेमच्या मूळ कंपनीबाहेरच्या कोणीतरी बनवलेली भर: नवी माणसं, नवी घरं, पिकांना पाणी आपोआप घालणारी सोय, काहीही. आणि हो, फोल्डरात टाकला की झालं. पाच-सात मॉड असतील तर मॅनेजर नसला तरी काही अडत नाही, उगाच घेऊ नका.

अडतं ते चाळीस-पन्नास झाल्यावर. कुठला कधी टाकला, कुठला कुणावर अवलंबून आहे, कुणाची नवी आवृत्ती आली, हे डोक्यात राहत नाही. स्टारड्रॉप हा मॅनेजर ती वही सांभाळतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, फुकट आहे, आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. नाव गेममधल्याच फळावरून घेतलंय. ते खाल्लं की तुमची कमाल ताकद ३४ ने वाढते, आणि अशी फळं अख्ख्या गेममध्ये सातच आहेत.

२. स्मॅपी आणि स्टारड्रॉप एकच का?

नाही. मॉड गेममध्ये चढवण्याचं काम स्मॅपी करतो, आणि तो नसेल तर एकही मॉड चालत नाही. स्टारड्रॉप फक्त स्मॅपीला सांगतो की आज हे हे मॉड घे. स्मॅपी म्हणजे होडीचं इंजिन, स्टारड्रॉप म्हणजे आज कोणती जाळी होडीत घ्यायची ते ठरवणारा तांडेल. तांडेलाशिवायही होडी सुटते, इंजिनाशिवाय नाही. त्यामुळे आधी स्मॅपी बसवा.

३. माझा लॅपटॉप जुना आहे. चालेल का?

गेमला २ जीबी रॅम पुरते असं अधिकृतपणे सांगितलेलं आहे. डिस्कवरही तो ५०० एमबीच्या आसपासच जागा घेतो. स्टारड्रॉपचा भार त्याहून कितीतरी कमी. जड पडतात ते मोठे मॉड. अख्खं गाव नव्याने रंगवणारे चार मॉड एकत्र टाकलेत तर ४ जीबीचा लॅपटॉप धापा टाकणारच.

खरी अडचण ३२ बिट विंडोजची. नोव्हेंबर २०२१ च्या १.५.५ आवृत्तीपासून गेमला ६४ बिट लागतं. ३२ बिट असेल तर स्टीममध्ये (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) गेमच्या गुणधर्मांत जाऊन बीटाच्या यादीतली सुसंगततेची जुनी शाखा निवडावी लागते, आणि मग नव्या गेमसाठी लिहिलेले मॉड विसरायचे. दुकानात असे लॅपटॉप येतात तेव्हा आधी प्रोसेसर पाहतो. बऱ्याचदा प्रोसेसर ६४ बिट असतो आणि वर विंडोज मात्र ३२ बिट टाकलेलं असतं. मग विंडोज बदललं की काम झालं.

४. मोबाइलवर स्टारड्रॉप चालतो का?

नाही, तो फक्त कॉम्प्युटरसाठी आहे. स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स कन्सोल यांवर मुळात मॉडच चालत नाहीत.

५. बसवायचा कसा?

स्टारड्रॉपला वेगळा इन्स्टॉलर नाही. झिप उतरवा, एखाद्या साध्या फोल्डरात उघडा, चालू करा. झिपच्या आतूनच डबल क्लिक करू नका, आधी पूर्ण उघडा. निम्मे मेसेज या एका चुकीचे असतात.

पहिल्यांदा उघडल्यावर स्मॅपी कुठे आहे ते दाखवावं लागतं. तो गेमच्याच फोल्डरात असतो. स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक करून स्थानिक फाइली पाहण्याचा पर्याय घेतला की तो फोल्डर उघडतो.

६. नवा मॉड टाकायची बरोबर पद्धत कोणती?

उतरवलेली झिप ओढून स्टारड्रॉपच्या खिडकीवर सोडा. हाताने करत असाल तर एकच पथ्य: झिप उघडल्यावर फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असं झालं तर आत जाऊन मॅनिफेस्ट नावाची फाइल ज्या फोल्डरात आहे तो शोधा. मॉड तो. त्या फाइलीत मॉडचं नाव, आवृत्ती, फक्त त्याचीच अशी ओळख (आयडी) आणि त्याला लागणाऱ्या इतर मॉडची यादी असते. स्मॅपी आणि स्टारड्रॉप दोघंही तीच वाचतात. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही फाइल पुन्हा येईल, म्हणून एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहाच. वाचायला सोपी आहे.

७. अपडेटचं चिन्ह दिसतं पण आपोआप उतरत का नाही? पैसे भरायला लागतात का?

बहुतेक मॉड नेक्सस मॉड्स या साइटवर असतात. तिथला नियम असा: मॅनेजरला एका क्लिकवर थेट उतरवायची मुभा फक्त पैसे भरणाऱ्या प्रीमियम सदस्यांना. फुकट खातं असेल तर मॉडच्या पानावर जायचं आणि मॅनेजरने उतरवायचं बटण स्वतः दाबायचं. त्यानंतर स्टारड्रॉप झिप घेऊन जागेवर बसवतो. हा नियम साइटचा आहे, स्टारड्रॉपचा नाही.

माझं मत विचाराल तर या एका सोयीसाठी प्रीमियम घेऊ नका. ते एक बटण दाबताना मॉडचं पान डोळ्यांसमोर येतं, आणि नव्या आवृत्तीत काय बदललं ते वाचलं जातं. त्याचा उपयोग प्रश्न ९ मध्ये कळेल.

८. आमच्याकडे रेंज एका खिडकीतच येते आणि डेटा दिवसाचा दीड जीबी. अपडेट तपासण्यात डेटा संपेल का?

तपासण्यात नाही. तपासताना फक्त आवृत्तीचे आकडे विचारले जातात, मॉड उतरत नाहीत. डेटा जातो उतरवताना, आणि तोही चित्रं, नकाशे, संगीत असलेल्या मॉडना. सोयीसुविधांचे मॉड आकाराने किरकोळ असतात. मोठे मॉड रात्री, दिवसाचा कोटा उरला असेल तर उतरवा. झिप जपून ठेवा, काढून टाकू नका. शेजारच्या वाडीतल्याला तोच मॉड हवा असतो. (पेनड्राइव्हने द्यायच्या आधी प्रश्न १९ वाचा.)

९. अपडेट दिसलं की लगेच करायचं ना?

नाही. अपडेट आलंय म्हणजे केलंच पाहिजे असं नाही. तुमचा गेम नीट चालतोय आणि नव्या आवृत्तीत तुम्हाला हवं असं काही नाही, तर चालू शेताच्या मध्यावर हात लावू नका. शेत तिसऱ्या वर्षात आहे, लग्न झालंय, कोठारात चीज मुरतंय, आणि तुम्ही एका संध्याकाळी तीस मॉड एकदम अपडेट करता. गेम उघडत नाही. आता तीसपैकी दोषी कोण?

मी असं करतो. आधी सेव्हची प्रत. स्मॅपीसोबत सेव्हची प्रत ठेवणारा एक छोटा मॉड आपोआप येतो. तो गेमच्या फोल्डरात शेवटच्या १० प्रती ठेवतो. हे चांगलं आहे, पण त्याच डिस्कवर आहे, म्हणून मी सेव्हचा फोल्डर पेनड्राइव्हवरही घेतो. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये इंग्रजीत ॲपडेटा (appdata) लिहा, एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरात गेमच्या नावाचा फोल्डर आहे, त्यात सेव्ह. प्रत्येक शेताचा वेगळा फोल्डर असतो, नावापुढे एक लांब आकडा असलेला.

मग अपडेट तीन-चार मॉडच्या घासांनी. प्रत्येक घासानंतर गेम उघडायचा, एक दिवस खेळून झोपायचं, पुढे जायचं. कंटाळवाणं आहे. पण ज्यांनी हे केलं त्यांचा फोन मला येत नाही.

अपडेट लगेच करायचं अशी दोनच कारणं मला दिसतात: गेमचीच आवृत्ती बदलली (प्रश्न १६), किंवा मॉड लिहिणाऱ्यानेच सांगितलं की आधीच्या आवृत्तीत सेव्ह बिघडवणारी चूक होती.

आणखी एक. मॉडची सेटिंग त्याच्याच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत असते. हाताने अपडेट करताना जुना फोल्डर काढून नवा टाकणं चांगलं, म्हणजे जुन्या फाइलींचा गाळ राहत नाही. पण आधी कॉन्फिग बाजूला काढा, नाहीतर सगळी बटणं पुन्हा लावत बसाल.

१०. मॉड अपडेट केला, खेळत होतो, लाइट गेली. अख्खा दिवस गेला. मॉडमुळे का?

मॉडचा काही संबंध नाही. स्टारड्यू व्हॅली फक्त रात्री झोपल्यावर सेव्ह करतो. दुपारी लाइट गेली तर तो दिवस गेला, सकाळपासून पुन्हा. इन्व्हर्टर नसेल आणि लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर पावसाळ्यात आभाळ काळं झालं की घरी जाऊन झोपा. गेममध्ये, म्हणजे. झोपताना सेव्ह लिहिली जात असतानाच वीज गेली आणि शेत उघडेनासं झालं, तर प्रश्न ९ मधली प्रत उपयोगी पडते.

११. स्टारड्रॉपमध्ये मॉडची खूण काढली, तरी गेममध्ये तो चालूच आहे!

तुम्ही गेम स्टीममधून उघडलात.

स्टारड्रॉप तुमच्या मॉड फोल्डरातलं काही हलवत नाही. निवडलेल्या मॉडचे दुवे तो एका वेगळ्या फोल्डरात तयार करतो आणि स्मॅपीला म्हणतो, मॉड तिथून वाच. ही त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, कारण मूळ सामान जिथल्या तिथे राहतं आणि उद्या स्टारड्रॉप काढून टाकला तरी काही बिघडत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की स्टीममधून स्मॅपी थेट उघडला तर त्याला स्टारड्रॉपच्या खुणांचा पत्ताच नसतो. तो मूळ फोल्डरातलं सगळं उचलतो, खूण काढलेलंही.

म्हणून गेम नेहमी स्टारड्रॉपच्या खिडकीतल्या बटणाने सुरू करा. एखादा मॉड कुठूनही उघडलं तरी बंदच राहायला हवा असेल तर त्याच्या फोल्डराच्या नावाच्या सुरुवातीला टिंब लावा. टिंबाने सुरू होणारे फोल्डर स्मॅपी वगळतो.

१२. मॉड चालू हा, पण गेमात दिसणा नाय. कित्याक?

आधी गेमसोबत उघडणारी स्मॅपीची काळी खिडकी बघा. ती मिटवून टाकायची सवय सगळ्यांना आहे, पण उत्तर तिथेच असतं. लाल अक्षरांत वगळलेल्या मॉडची यादी येते आणि पुढे कारण. नेहमीचं कारण म्हणजे सोबतचा मॉड नाही. कंटेंट पॅचर हा त्यातला सगळ्यात मोठा. शेकडो मॉड त्याच्याशिवाय हलत नाहीत.

लाल काहीच नसेल तर मॉड चढलाय, फक्त त्याची वेळ आली नाही. नवा शेजारी दुसऱ्या वर्षी येतो, नवा मासा पावसात आणि रात्रीच लागतो, असं पुष्कळ असतं. मॉडचं पान वाचा.

१३. अपडेट केलं, तरी तीच अपडेटची सूचना परत परत येते.

मॉड लिहिणाऱ्याने साइटवर नवा आकडा टाकला आणि मॅनिफेस्टमधला बदलायला विसरला. स्टारड्रॉप तुमच्याकडचा जुना आकडा वाचतो, साइटवरचा नवा वाचतो आणि बिचारा प्रामाणिकपणे सांगत राहतो. तुमचं काही चुकलेलं नाही. मॅनिफेस्ट उघडून आकडा स्वतः बदलता येतो, पण आधी खात्री करा की नवीच झिप बसलीय. आकडा खोटा लिहून ठेवलात तर पुढचं खरं अपडेट चुकेल.

१४. माझ्याकडे १.९ आहे आणि तो १.१० ला नवीन म्हणतो. गणित चुकलंय का?

हा दशांश अपूर्णांक नाही. टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे मोजायचे. नवानंतर दहा येतो, म्हणून १.१० नवीन. आणि आकड्यापुढे बीटा लिहिलं असेल तर ती आवृत्ती त्याच आकड्याच्या पूर्ण आवृत्तीपेक्षा जुनी धरली जाते.

१५. काही मॉडना कधीच अपडेट दाखवत नाही. ते अपडेटच होत नाहीत का?

होत असतील, स्टारड्रॉपला कळत नसेल. कुठल्या साइटवर कुठल्या क्रमांकाने पाहायचं याची खूण मॅनिफेस्टमध्ये असावी लागते. ती नसेल तर विचारणार कुणाला? अशा मॉडची मी एक यादी करून ठेवलीय आणि महिन्यातून एकदा त्यांची पानं हाताने पाहतो. यादीत सध्या सहाच आहेत.

१६. रात्रीत गेम स्वतः अपडेट झाला आणि सकाळी सगळं लाल. काय करू?

काही करू नका. खरंच. १९ मार्च २०२४ ला गेमची १.६ आवृत्ती आली तेव्हा गेमच्या आतली रचनाच इतकी बदलली की जुने मॉड ढिगाने बंद पडले. स्मॅपीची ४.० त्याच दिवशी आली, पण मॉड लिहिणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट काम करणारे लोक आहेत. काहींना दोन दिवस लागले, काहींना महिने, काही मॉड कायमचे राहिले. त्या आठवड्यात ज्यांनी घाईने जुनं शेत अर्ध्या मॉडवर उघडून सेव्ह केलं, ते सगळ्यात जास्त रडले.

क्रम असा ठेवा. सेव्हची प्रत घ्या. स्मॅपी नवा बसवा. मग कंटेंट पॅचरसारखे पायाचे मॉड, मग बाकीचे. जुनं शेत तोवर उघडू नका. हात शिवशिवत असतील तर एकही मॉड नसलेलं नवं शेत सुरू करा. स्टारड्रॉपमध्ये त्यासाठी रिकामं प्रोफाइल, म्हणजे चालू मॉडची नाव देऊन ठेवलेली निवड, करता येतं.

स्टीमला अपडेट पूर्ण थांबव असं सांगता येत नाही. पण गेम उघडेन तेव्हाच अपडेट कर, असं ठेवता येतं. निदान झोपेत घात होत नाही.

१७. मोठा मॉड काढून टाकला तर माझ्या शेताचं काय होईल?

सोयीचा मॉड असेल, म्हणजे घड्याळ दाखवणारा किंवा पेटीतलं सामान लावणारा, तर काहीच नाही. वस्तू, पिकं, प्राणी आणणारा असेल तर त्या जागी चुकीची वस्तू असं लिहिलेलं काहीतरी दिसतं. मॉड परत टाकला तर १.६ मध्ये बहुधा ती वस्तू पुन्हा ओळखीची होते. शेताचा नकाशाच मॉडचा असेल तर मात्र काढू नका. ज्या जमिनीवर गोठा बांधलाय ती जमीनच काढून घेतल्यासारखं होतं. अशा शेताचा तो मॉड शेवटपर्यंत सांभाळायचा.

१८. गणपतीत मुंबईहून भाऊ येतो. दोघांनी एकत्र खेळायचं तर दोघांकडे सारखेच मॉड हवेत का?

गेमची आवृत्ती सारखी हवीच. नव्या वस्तू, नकाशे, माणसं आणणारे मॉड दोघांकडे, त्याच आवृत्तीचे. स्वतःच्या स्क्रीनपुरते मॉड ज्याचे त्याला. इथे प्रोफाइल फार कामाला येतं. माझ्याकडे गणपती नावाचंच एक आहे. त्यात फक्त सगळ्यांकडे असलेले मॉड, बाकी एक नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते निवडायचं, गौरी-गणपती विसर्जन झालं की आपलं नेहमीचं. दोन प्रोफाइलांत शेतं मिसळू नका, एवढंच पथ्य. का, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

इंटरनेट लागेलच असं नाही. दोन्ही लॅपटॉप एकाच फोनच्या हॉटस्पॉटला जोडले आणि गेममध्ये लॅनचा पर्याय घेतला की बहुतेक फोनांवर डेटा बंद असतानाही जमतं. १.६ पासून कॉम्प्युटरवर आठ जण खेळू शकतात. आमच्या ओटीवर पाचच लॅपटॉप मावतात, तेही मखर कोपऱ्यात सरकवल्यावर.

१९. मित्राचा अख्खा मॉड फोल्डर पेनड्राइव्हवर मिळाला. सरळ कॉपी करू?

मी नाही करणार. बऱ्याच मॉडमध्ये डीएलएल फाइल असते आणि ती म्हणजे एक पूर्ण प्रोग्राम. तुमच्या नावाने लॉगिन केलेल्या विंडोजमध्ये तुम्हाला जे करता येतं ते तिलाही करता येतं. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर पसरला, आणि तोही नावाजलेल्या साइटवरून. मग चार हातांतून फिरलेल्या पेनड्राइव्हवर कोणी काय मिसळलंय ते कोण सांगणार? आमच्याकडच्या निम्म्या पेनड्राइव्हना खाऱ्या हवेने गंज चढतो आणि उरलेल्यांना व्हायरस.

मूळ साइटवरून तुम्ही स्वतः उतरवलेली न उघडलेली झिप देणं-घेणं ठीक. उघडलेला फोल्डर नको. त्यात मित्राची सेटिंगही येतात आणि अर्धवट अपडेटही.

२०. जुन्या व्हिडिओत गेमच्याच फाइली बदलायला सांगतात. स्टारड्रॉप ते सांभाळतो का?

नाही. ती एक्सएनबी फाइली बदलायची जुनी पद्धत, आणि ती स्टारड्रॉपला दिसतही नाही. आता बहुतेक तीच कामं कंटेंट पॅचरने मूळ फाइलीला हात न लावता होतात. कधीकाळी बदलल्या असतील आणि आता विचित्र काही होत असेल तर स्टीममधून गेमच्या फाइली तपासून घ्या. मूळ फाइली परत येतील, मॉड फोल्डर तसाच राहील.

२१. मॉड टाकून गेम मराठीत करता येईल का?

अधिकृत भाषा १२ आहेत, त्यात भारतीय एकही नाही. १.५.५ पासून मॉडने नवी भाषा जोडायची वाट उघडली, त्यामुळे तत्त्वतः जमतं. अडचण लिपीची आहे. गेमचा फॉन्ट प्रत्येक अक्षराचं सुटं चित्र घेऊन एकापुढे एक ठेवतो. इंग्रजीला ते पुरतं, देवनागरीत वेलांटी मागे सरकते, जोडाक्षरं जुळतात, रफार वर जातो. ते गणित मॉड करणाऱ्यालाच बसवावं लागेल. संवादही हजारोंनी आहेत.

कोणी हात घालणार असेल तर एक विनंती: आंब्याला हापूस म्हणू नका. गेममधलं झाड २८ दिवसांत मोठं होतं. देवगडात वाचलं तर लोक हसतील. आणि समुद्रात तारली मिळते, पण बांगडा नाही की पापलेट नाही, त्याबद्दल अनुवादकाला दोष देता येणार नाही.

२२. सगळं करून पाहिलं, तरी अडलंय. तुम्हाला काय पाठवू?

स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात लाल अक्षरांच्या चारच ओळी येतात आणि पाचवी हवी असते. प्रश्न ९ मध्ये सेव्हसाठी सांगितलेल्या वाटेने गेमच्या नावाच्या फोल्डरात जा. तिथे चुकांच्या नोंदींचा फोल्डर आहे, त्यातली स्मॅपीची शेवटची नोंद असलेली फाइल पाठवा. ती गेम पुन्हा उघडायच्या आधी उचला. पुढच्या वेळी गेम सुरू झाला की ती पुसून नवी लिहिली जाते. सोबत दोन ओळी: शेवटचं काय बदललंत, आणि गेम स्टारड्रॉपमधून उघडला की स्टीममधून. सोमवारी दुकान बंद असतं.